बत्तीस मिलिमीटर

कुंपणावरून आधी लोकरीची टोपी आली,
मग नाक, मग प्रश्न:
"आरमासकाका, बत्तीसचं बिट आहे का तुमच्याकडे?"

माझ्याकडे काय नाही!
रेल्वेच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलीत.
बिटांचा डबा मी बायकोच्या दागिन्यांहून जपला
असं ती म्हणायची,
आणि हसून म्हणायची नाही.

ओइवा नऊ वर्षांचा, तुइस्कू पाच.
आई बस चालवते, काजानी ते कुहमो आणि परत.
सौनाच्या जुन्या फळ्या, धुराचा वास मुरलेला,
त्यातून पक्ष्याला घर करायचं ठरलेलं.
मी फक्त भोक पाडून देणार होतो.
पण फळी हातात आली, बोट फिरवलं,
आणि राहवेना.
"आतून रंधा कोणी मारला?"
"मी," ओइवा म्हणाला, छाती काढून.
"चुकलं. पिल्लू वर चढणार कशाला धरून?"
मग त्यानेच खिळ्याने आतून ओरखडे काढले,
जीभ बाहेर काढून, तासभर.

बत्तीस म्हणजे तालितिंतीचं माप.
पिवळं पोट, मधून काळी पट्टी,
जाकिटाची चेन लावल्यासारखी.
अठ्ठावीस केलंत तर तिचे निळ्या टोपीचे भाऊबंदच मावतात.
पन्नास केलंत तर कोणीही येतं,
मांजराचा पंजासुद्धा.
दारापुढे बसायला दांडी लावायची नाही.
आत रंग द्यायचा नाही.

बाहेरून तुइस्कूने लाल पडदे काढले
आणि दाराशेजारी घंटेचं बटण.
"पक्षी घंटा वाजवत नाहीत," मी म्हणालो.
"माहितेय. ती पोस्टमनसाठी आहे."

फेब्रुवारीत उणे सव्वीस होतं.
पेटी बर्चवर चढवली, जरा तिरकी.
मी गप्प राहिलो. (जमलं.)
मग कान शाबूत असलेल्या फुटक्या कपात
वितळलेली चरबी, ओट, सूर्यफुलाच्या बिया;
गोठल्यावर कप आडवा टांगायचा फांदीला.
तालितिंतीच्या नावातच चरबी आहे,
तिला आमंत्रण वेगळं लागत नाही.
सांडलेलं सगळं रेक्कूने चाटलं,
माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याने,
फरशीचा रंग जाईपर्यंत.

एप्रिलच्या शेवटी पायरीवर बसून
मी रेक्कूला विंचरायचो.
करड्या केसांचे पुंजके उठायचे,
उरल्यासुरल्या बर्फावरून घरंगळत जायचे.
झाडून काढावेत असं रोज म्हणायचो.
आठवड्याने ते आपोआप नाहीसे झाले.
वारा, म्हटलं.

जूनमध्ये, रात्र होतच नाही अशा दिवसांत,
रेक्कू उठला नाही.
ओइवाने खड्डा खणू लागला.
तुइस्कू वाट बघत उभी राहिली,
कशाची ते तिलाही ठाऊक नसावं.

सप्टेंबरात पेटी साफ करायची असते.
जुनं घरटं काढून टाकायचं, पिसवा होतात,
कढत पाण्याने धुवायचं, वाळवायचं.
शिडी ओइवाने धरली. झाकण मी काढलं.
खाली शेवाळ, चांगलं चार बोटं.
वर एक न फुटलेलं अंडं, तांबूस ठिपक्यांचं.
आणि अंड्याखाली
करडं, दाबून दाबून नमद्यासारखं घट्ट झालेलं,
मध्ये एका पोटाएवढा खळगा.

मी शिडीवरच थांबलो.
"काय आहे? काय आहे?" खालून.
खाली उतरून दाखवलं.
तुइस्कूने हातमोजा काढला,
दोन बोटं खळग्यात ठेवली,
मग वाकून वास घेतला.
"रेक्कू," ती म्हणाली,
ओळख पटवणाऱ्या पोलिसासारखी.

ओइवाने बादली पुढे सरकवली.
नियम त्याला पाठ होते, मीच शिकवलेले.
"टाकायचं ना, काका?"

पाणी वाफाळत होतं.
बर्चची पानं पिवळी पडून बादलीत येत होती.
मी चष्मा पुसला, एकदा, परत एकदा.
"आज नको," म्हणालो.
"आज वारा बरोबर नाहीये."

पान हलत नव्हतं.
पोरांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं,
आणि ओइवा म्हणाला,
"हो. चुकीचाच आहे."